रानबदकांची घरटी कशी शोधतात, आणि मिळालेल्या घरट्यांचा हिशोब का फसवतो

थंडीत नांदूर मध्यमेश्वरला गेलात तर पाण्यावर बदकंच बदकं, तलवार बदक, थापट्या, भुवई, गडवाल, नुसता गलका. माझं लहानपण निफाड तालुक्यातलं, त्यामुळे दर डिसेंबरला मामाबरोबर एक तरी फेरी व्हायचीच आणि मामा दर वेळी तोच प्रश्न विचारायचा, अगं एवढी बदकं येतात, यांचं एक तरी पिल्लू दिसलंय का तुला कधी? नाही दिसलं. हळदी-कुंकू बदकाची पिल्लं दिसायची, आईच्या मागे रांगेत पोहणारी, पण ते बदक आपल्याकडंच राहणारं. तलवार बदक आणि थापट्या आपल्याकडे फक्त थंडी काढायला येतात, अंडी घालतात पार उत्तरेला, मध्य आशियात आणि सायबेरियात. म्हणजे आपण त्यांचं अर्धंच आयुष्य बघतो. उरलेलं अर्धं, जिथं घरटं होतं, अंडी होतात, पिल्लं जगतात किंवा मरतात, ते आपल्या डोळ्याआड होतं.

तो उरलेला अर्धा भाग बघायला मी सध्या अमेरिकेत नॉर्थ डकोटात आहे, मास्टर्सचा थिसिस त्यावरच चालू आहे आणि दोन फील्ड सीझन झालेत. आधीच सांगते, इथली बदकं आपल्याकडे येत नाहीत, ती थंडीत लुईझियाना, टेक्सास, मेक्सिको अशी दक्षिणेला जातात. पण जाती बऱ्याच त्याच, तलवार बदक इथंही आहे, थापट्या आहे, गडवाल आहे, आणि मॅलार्ड तर सगळीकडे, तेच ते चकचकीत हिरव्या डोक्याचं बदक. घरी फोनवर सगळे विचारतात तू नेमकं करतेस काय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

आधी जागा समजून घ्या. साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी इथं बर्फाचे प्रचंड थर होते, ते मागे हटले तेव्हा जमिनीत लाखो खळगे राहून गेले. त्यात बर्फाचं आणि पावसाचं पाणी साठतं, कुठं अंगणाएवढं डबकं तर कुठं मोठं तळं. या पट्ट्याला प्रेअरी पॉटहोल रीजन म्हणतात, कॅनडातल्या अल्बर्टा, सस्कॅचवान, मॅनिटोबापासून अमेरिकेत दोन्ही डकोटा आणि आयोवापर्यंत पसरलाय. उत्तर अमेरिकेतली निम्म्याहून जास्त बदकं या पट्ट्यात जन्माला येतात असं मानतात, म्हणून याला बदकांचा कारखाना म्हणायची पद्धत आहे. 1955 पासून दर मे महिन्यात (कोविडची 2020 आणि 2021 ही वर्षं सोडून) इथं विमानातून मोजणी होते, छोटं विमान अगदी खालून, जमिनीपासून तीस-चाळीस मीटरवरून उडतं आणि आतली माणसं बदकंही मोजतात आणि पाणी असलेली तळीही मोजतात, कारण तळी कोरडी पडली की बदकं तिथं थांबतच नाहीत, आणखी उत्तरेला निघून जातात.

पण विमानातून घरटं काही दिसत नाही. आणि बहुतेकांना वाटतं बदकाचं घरटं पाण्याकाठी असणार, मलाही तसंच वाटायचं. मॅलार्ड, तलवार बदक, गडवाल यांची घरटी बहुतेक वेळा पाण्यापासून बरीच लांब, गवतात जमिनीवर असतात, कधी कधी किलोमीटरभरसुद्धा लांब. मादी गवतात एक खोलगट जागा करते, रोज एक अंडं घालते, मॅलार्डची साधारण आठ ते दहा अंडी होतात, आणि मग स्वतःच्या छातीची मऊ लव उपटून घरट्याला अस्तर करते. एका अंड्याचं वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दहा दिवसांत ती स्वतःच्या जवळपास निम्म्या वजनाची अंडी देते. ती उबवायला बसली की नर लवकरच निघून जातो. पुढचे पंचवीस-सव्वीस दिवस ती एकटी, दिवसातून एक-दोनदा थोडा वेळ खायला उठते, उठताना लव आणि गवत ओढून अंडी झाकून जाते, बाकी सगळा वेळ हलत नाही. रंग असा की तुम्ही एक पाऊल अंतरावर उभे असाल तरी दिसणार नाही.

मग सापडतं कसं? दोन क्वाड बाईक (चार जाड चाकांच्या मोटरसायकली) घ्यायच्या, दोघींच्या मध्ये साधारण पन्नास मीटर लांब साखळी बांधायची आणि सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत गवतावरून ती ओढत एकसारखं पुढं जायचं. हीच वेळ का, तर या वेळेत मादी घरट्यावर असण्याची शक्यता जास्त. साखळी गवताच्या शेंड्यांना दाबत, सळसळ करत जवळ आली की मादी उडते, आणि आपण ती जिथून उठली त्या जागेवरची नजर न हलवता बाईक थांबवून चालत जायचं. नजर हलली की संपलं, मग अर्धा तास गुडघ्यावर गवत चाळत बसायचं. कधी ती उडतच नाही, पंख मोडल्यासारखी जमिनीवर फडफडत लांब जाते, आपण तिच्यामागे जावं म्हणून. आणि घाबरून उडताना बऱ्याचदा अंड्यांवर घाण टाकून जाते, तो वास हातावरून दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही.

घरटं मिळालं की अंडी मोजायची, जात लिहायची, आणि एकेक अंडं सूर्याकडे धरून बघायचं. त्यासाठी भारी मशीन लागत नाही, गाडीच्या रेडिएटरचा जाड रबरी पाइप असतो ना त्याचा वीतभर तुकडा पुरतो, एका टोकाला अंडं, दुसऱ्या टोकाला डोळा. ताजं अंडं आतून नारंगी आणि स्वच्छ दिसतं, बलक हलताना दिसतो. पाच-सहा दिवस उबवलेलं असेल तर मध्ये एक ठिपका आणि त्याच्यातून कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल रेषा निघालेल्या दिसतात. पुढं पुढं अंधार वाढत जातो आणि एका टोकाला हवेची पोकळी मोठी होत जाते. मी पहिल्यांदा त्या लाल रेषा बघितल्या तेव्हा त्या मधोमध काहीतरी टकटक हलत होतं आणि मला कळायला वेळ लागला की ते हृदय आहे. यावरून उबवून किती दिवस झाले ते कळतं, म्हणजे पिल्लं कधी निघणार तेही कळतं. मग अंडी होती तशी ठेवून लव पांघरायची, घरट्यापासून थोडं लांब, ठरलेल्या दिशेला एक काठी रोवायची (अगदी शेजारी नाही, उगाच कोणाला खूण कशाला द्या) आणि तिथून लवकर निघायचं. आठवड्याभराने परत.

हे सगळं आपल्या मनाने करता येत नाही हेही सांगते. 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यामुळे रानबदकाला हात लावायला, अंडं उचलायलासुद्धा सरकारी परमिट लागतं, शिवाय युनिव्हर्सिटीच्या प्राणीविषयक समितीची मंजुरी लागते. फॉर्म भरण्यात एक आख्खी थंडी गेली माझी, आणि ते तसंच असायला हवं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. समजा मला सीझनभरात 20 घरटी मिळाली, त्यातल्या 8 मधून पिल्लं निघाली आणि 12 कोणीतरी खाल्ली. यशाचं प्रमाण किती? कोणीही सांगेल, 20 पैकी 8 म्हणजे 40 टक्के. आणि ते चूक आहे, थोडंथोडकं नाही, बरंच चूक. कारण असं बघा, जे घरटं दुसऱ्याच दिवशी खाल्लं गेलं ते मला मिळणारच नाही, मी साखळी ओढत तिथं पोचेपर्यंत तिथं मादीच नाही. जे घरटं पंचवीस दिवस टिकलं ते मला मिळण्याची शक्यता भरपूर. म्हणजे मला मिळालेली घरटी ही आधीच नशीबवान घरटी आहेत, कमनशिबी माझ्या वहीत आलीच नाहीत. एखाद्याने साठी ओलांडलेल्या लोकांच्या मेळाव्यात जाऊन गावातली माणसं किती जगतात याचा हिशोब काढला तर जे होईल तेच इथं होतं.

यावरचा उपाय हॅरॉल्ड मेफील्ड नावाच्या माणसाने 1961 मध्ये मांडला, आणि मला हे फार आवडतं की तो पेशाने पक्षीशास्त्रज्ञ नव्हता, कंपनीत नोकरी करणारा हौशी पक्षीनिरीक्षक होता. त्याने म्हटलं घरटी मोजू नका, दिवस मोजा. प्रत्येक घरटं तुमच्या नजरेखाली किती दिवस होतं त्यांची बेरीज करा. माझ्या 20 घरट्यांची बेरीज समजा 300 दिवस झाली, आणि त्या 300 दिवसांत 12 घरटी गेली, म्हणजे एका दिवशी एक घरटं जाण्याची शक्यता 12 भागिले 300, चार टक्के. म्हणजे एक दिवस टिकण्याची शक्यता 96 टक्के. (घरटं नेमकं कोणत्या दिवशी गेलं ते माहीत नसतं, म्हणून दोन भेटींच्या मधला दिवस धरतात.) आता अंडी घालायचे नऊ आणि उबवायचे सव्वीस, असे 35 दिवस टिकायचंय, तेव्हा 0.96 ला स्वतःनेच 35 वेळा गुणायचं. उत्तर येतं साधारण 24 टक्के. कुठं 40 आणि कुठं 24.

आणि यातली खरी गंमत पुढं आहे. रोज टिकण्याची शक्यता 95 टक्के म्हटलं तर ऐकायला किती चांगलं वाटतं, परीक्षेत 95 मिळाले तर पेढे वाटतो आपण. पण 35 दिवसांत त्याचे होतात जेमतेम 17 टक्के. तेच रोजचे 97 टक्के झाले तर शेवटी 34 टक्के, म्हणजे दुप्पट. रोजच्या फक्त दोन टक्क्यांच्या फरकाने पिल्लांची संख्या दुप्पट होते. म्हणून आम्ही रोजच्या दशांश अपूर्णांकासाठी एवढे भांडतो, आता तर त्यासाठी मेफील्डच्या पुढची मॉडेल्स आहेत, गवताची उंची, तारीख, घरट्याचं वय हे सगळं त्यात टाकता येतं, पण मुळातला विचार त्याचाच.

मॅलार्डची संख्या निदान आहे तेवढी टिकायची तर घरट्यांचं यश साधारण 15 टक्के तरी लागतं, असा अंदाज 1980 च्या दशकात इथल्याच संशोधकांनी काढला. एवढं कमी कसं चालतं? कारण मादी हार मानत नाही. घरटं गेलं की पुन्हा नवीन करते, मॅलार्ड तीन-चार वेळासुद्धा करते. प्रत्येक खेपेला 17 टक्के शक्यता असली तरी तीन खेपांत एकदा तरी जमण्याची शक्यता 43 टक्क्यांवर जाते. तलवार बदकाचं मात्र इथं अडतं. ते लवकर येतं, गवताऐवजी बऱ्याचदा गेल्या वर्षीच्या पिकाच्या धसकटात अंडी घालतं, आणि नेमकी तेव्हाच पेरणीसाठी ट्रॅक्टर शेतात उतरतात. वर परत परत घरटं करण्याचं त्याचं प्रमाण मॅलार्डपेक्षा कमी. 1950 च्या दशकात मे महिन्याच्या मोजणीत एक कोटीपर्यंत गेलेलं हे बदक आता वीस लाखांच्या आसपास आहे.

घरटी खातं कोण? रॅकून, स्कंक, बॅजर, मिंक, बिळात राहणाऱ्या खारी, आणि रेड फॉक्स. फॉक्सला आपण सर्रास कोल्हा म्हणतो पण ते आपलं खोकड, कोल्हा वेगळा. खोकड अंडी उचलून नेतं, पुरून ठेवतं, आणि बऱ्याचदा घरट्यावरच्या मादीलाही मारतं. इथं 1990 च्या दशकात एक सुंदर अभ्यास झाला. कोयोटी म्हणून खोकडापेक्षा मोठा प्राणी असतो, आपल्या कोल्ह्याच्या नात्यातला, तो जिथं असतो तिथून खोकड काढता पाय घेतं. तर जिथं खोकडं जास्त तिथं घरट्यांचं यश होतं 17 टक्के, आणि जिथं कोयोटी जास्त तिथं 32. कोयोटीही अंडी खातो, पण त्याचा इलाका मोठा असतो, एका इलाख्यात मोजकेच कोयोटी मावतात आणि अंड्यांमागे ते खोकडाएवढे लागत नाहीत. शिकारी प्राणी वाढवा म्हणजे बदकं वाढतील हे ऐकायला उलटं वाटतं, पण आकडे तसेच आहेत. दुसरी गोष्ट गवत. 1985 च्या शेतीकायद्यात अशी योजना आली की शेतकऱ्याने जमीन दहा वर्षं पडीक ठेवून त्यावर गवत लावायचं आणि सरकार भाडं देणार. 1992 ते 1997 या काळात या गवतामुळे या भागात दरवर्षी सुमारे वीस लाख बदकं जास्त तयार झाली असा हिशोब निघाला. पट्टाभर गवत असलं तर खोकड त्या पट्ट्यातून सरळ चालत जातं आणि सगळं साफ करतं, मैलभर गवत असलं तर शोधून शोधून किती शोधणार.

घरट्यांचं झालं, आता मादीच्या मागावर कसं राहायचं ते. वसंतात आम्ही एक पिंजरा पाण्यात लावतो, मधल्या कप्प्यात पाळलेली मॅलार्ड मादी, तिला दाणापाणी सगळं, आणि बाजूला रिकामे कप्पे. आपल्या तळ्यात दुसरी कोण आली म्हणून रानातली जोडी तिला हाकलायला येते आणि बाजूच्या कप्प्यात अडकते. मग वजन, पायात नंबरची ॲल्युमिनियमची रिंग, आणि पाठीवर ट्रान्समीटर. रिंग घालायचं काम अमेरिकेत 1920 पासून सरकारी पातळीवर चालू आहे, आणि कोणत्या पक्ष्याची रिंग कुठं परत मिळाली हे नकाशावर मांडूनच फ्रेडरिक लिंकनने दाखवलं की इथली बदकं ठरावीक चार मोठ्या वाटांनी ये-जा करतात. आपल्याकडे सलीम अलींच्या पुढाकाराने बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने) भरतपूरला बदकांना रिंगा घातल्या आणि त्यातल्या काही सोव्हिएत रशियात मिळाल्या, त्यावरून तर आपल्याला आपल्या पाहुण्यांचं गाव कळलं. नाथसागरला किंवा उजनीला कधी रिंगवालं बदक दिसलं तर रिंगेचा नंबर वाचता येईल असा फोटो काढा आणि बीएनएचएसला पाठवा, प्लीज, तो फोटो कोणाच्या तरी दहा वर्षांच्या कामाचा तुकडा असू शकतो.

ट्रान्समीटरचा नियम असा की वजन पक्ष्याच्या तीन टक्क्यांच्या आत हवं, किलोभराच्या मादीला फार तर तीस ग्रॅम. पण फक्त वजन बघून भागत नाही. पूर्वी दप्तरासारखे पट्टे लावून पाठीवर बांधायचे, मग लक्षात आलं की अशा मॅलार्ड माद्या पिसं साफ करण्यात जास्त वेळ घालवतात, खातात कमी, घरटीही कमी करतात. म्हणजे आपण जे मोजायला गेलो तेच आपण बिघडवत होतो. म्हणून मग टाके घालून बसवायचे किंवा डॉक्टरकडून पोटात बसवायचे प्रकार आले. आता सोलरवर चालणारे जीपीएसवाले आलेत, मोबाईल टॉवरच्या रेंजमध्ये आलं की सगळा डेटा पाठवतात, शिवाय पक्षी हलतोय की बसलाय तेही सांगतात, म्हणजे घरट्याजवळ न जाताही ती उबवायला बसली हे लॅपटॉपवर कळतं. माझे मात्र साधे रेडिओवाले होते. हातात तीन दांड्यांची अँटेना, कानाला हेडफोन, बीप कुठून मोठा येतो ती दिशा कागदावर, मग गाडीने दुसरीकडे जाऊन पुन्हा दिशा, दोन-तीन रेषा जिथं छेदतात तिथं बदक. बदक बारा तास हललं नाही तर बीपचा वेग दुप्पट होतो, तो मेल्याचा सिग्नल.

पहिल्या सीझनमध्ये माझी एक मादी होती, रिंगेचे शेवटचे आकडे 417. एप्रिलच्या शेवटी पहिलं घरटं, दहा अंडी, बाराव्या दिवशी गेलं. मे महिन्यात दुसरं, नऊ अंडी, तेही गेलं, सगळी टरफलं घरट्यातच चुरडलेली, बहुतेक स्कंक. मग जूनच्या एका सकाळी हेडफोनमध्ये तिचा बीप दुप्पट वेगाने यायला लागला. मी तशीच चालत निघाले, गवत कमरेएवढं, दव पडलेलं, कपडे ओलेचिंब, आणि मनात खोकडाच्या बिळाशी पडलेली पिसं. रेषांच्या छेदावर पोचले तर काही नाही. दोन पावलं पुढं टाकली आणि ती पायातून उडाली. ट्रान्समीटर टाके निघून घरट्याशेजारीच पडला होता, म्हणून हलत नव्हता, आणि ती तिसऱ्या घरट्यावर बसलेली होती, सात अंड्यांवर. पाइप लावून बघितलं, अकरा दिवस.

ट्रान्समीटर नाही म्हणजे आता ती कुठं आहे हे कळायचा मार्ग नाही, फक्त घरटं माहीत. त्यानंतर सतराव्या दिवशी मी परत गेले. मादी नव्हती. लव तशीच होती, मी बोटांनी बाजूला केली तर खाली टरफलांचे बारीक तुकडे आणि आतले पातळ पापुद्रे, टरफलापासून सुटून वाळलेल्या चामड्यासारखे झालेले. खाल्लेल्या अंड्यात तसे सुटत नाहीत, पिल्लू निघालं तरच सुटतात. सहा पापुद्रे मोजले, आणि एक अंडं तसंच राहिलेलं, थंड. तिथून तळं दोनशे मीटर, मधल्या गवतात एक बारीक वाट पडली होती, हातभरसुद्धा रुंद नाही. तळ्यापाशी मी गेले नाही, उगाच घाबरवायचं कशाला. फॉर्मवर लिहिलं, घरटं यशस्वी, पिल्लं 6, आणि रात्री मामाला फोन लावला, तिकडे सकाळ होती.